लाल हंगामातली तीन माणसं

"तीन," सहलींचं सदस्यत्व विकणारे टायवाले म्हणाले. बोट एक ओळ खाली नेऊन पुन्हा म्हणाले, "तीन." मग पुन्हा तीन. चौथ्या तीनला मी घसा खाकरला. समोरचा माणूस चुकीचं वाचतोय हे त्याला न दुखवता कसं सांगावं, याचा मला बावीस वर्षांचा सराव आहे. बस डेपोत ड्यूटी-तक्ता लावणाऱ्या माणसाला तो करावाच लागतो. "चार," मी म्हणालो. "आम्ही चार जण आहोत." टायवाल्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग टेबलाभोवतीच्या खुर्च्यांकडे बघितलं, आई, बायको, मुलगी आणि मी असे आम्ही खरंच चार भरतो ना ते नजरेने मोजून घेतलं आणि कागद माझ्याकडे वळवला. कागदावरचं अक्षर माझंच होतं. पंचवीस आडव्या ओळी, सदस्यत्वाच्या पंचवीस वर्षांच्या. पहिल्या उभ्या रकान्याच्या डोक्यावर 'आई', दुसऱ्याच्या डोक्यावर 'ही', तिसऱ्याच्या 'पोर'. चौथा रकानाही छापलेला होता. तो कोरा होता, आणि त्याच्यावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत मी एक सुबक तिरपी रेघ मारून ठेवली होती, मोकळ्या जागेत मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून मारतात तशी.

मी हसून घेतलं. "सवय हो," मी टायवाल्यांना म्हणालो. "डेपोत जो तक्ता लावतो त्याचं नाव तक्त्यात नसतं." हे खरंच आहे. दोनशे साठ चालक-वाहकांची नावं मी दर आठवड्याला मांडतो. कोण पहाटेच्या गाडीवर, कोण लांबच्या, कोण रजेवर. माझी खुर्ची त्या कागदाच्या बाहेर असते. टायवाले खो-खो हसले. तो माणूस माझ्याच वयाचा, कलप लावलेल्या मिशीचा, पूर्वी विमा विकायचा आणि त्याआधी पाणी गाळायची यंत्रं. म्हणजे हसायचं कधी आणि किती हे त्याला पक्कं ठाऊक. मुलगीही हसली. आईने हातातलं बिस्कीट चहात बुडवलं. माझ्या लक्षात आलं ते बायकोचं. ती हसली नाही, त्याचं काही नाही, ती चारचौघांत हसत नाहीच. पण तिला नवलही वाटलं नाही. आपल्या नवऱ्याने पुढच्या पंचवीस वर्षांच्या सहली आखल्या आणि त्यांत स्वतःला कुठेच धरलं नाही, यावर एखादी बाई निदान "अहो, हे काय?" एवढं तरी म्हणेल. ही चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते. केसाएवढा ओरखडा हिच्या नजरेतून सुटत नाही. तिने तो तक्ता पाहिला, बरोबर आहे अशी बारीकशी मान हलवली आणि भिंतीवरच्या समुद्राच्या भल्यामोठ्या चित्राकडे पाहू लागली.

"आणि हे आजींच्या रकान्यात?" टायवाल्यांना उत्साह आवरेना. "अकराव्या ओळीपासून नुसत्या आडव्या रेघा आहेत." मी कागदावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आमच्याकडे डेपोत माणूस ज्या महिन्यात निवृत्त होतो त्याच्या पुढच्या घरापासून त्याच्या नावासमोर आडवी रेघ ओढतात. मी ठरवून काही केलं नव्हतं, शप्पथ. हाताने केलं. पेन ओळीओळीने खाली उतरत होतं आणि कुठेतरी, माझ्या नकळत, ते थबकून रेघा ओढायला लागलं होतं. आईने चष्मा चढवला, माझा हात बाजूला केला आणि बोटाने घरं मोजली. "दहा दिलीस होय रे?" ती म्हणाली. "आत्ता एकोणऐंशी. म्हणजे एकोणनव्वद. पुष्कळ झाली की! मी स्वतः लिहिलं असतं तर सहावरच थांबले असते." मग टायवाल्यांना म्हणाली, "उदार आहे हो माझा मुलगा." मुलीला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

ती खोली नवव्या मजल्यावर होती. जाड गालिचा, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. बारा गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक कुटुंब आणि एक टाय. कोणी सही केली की कोपऱ्यातून टाळ्या वाजत आणि बाकीची अकरा कुटुंबं तिकडे बघून एकदम पाठ ताठ करून बसत. अशा जागी मला खरं तर फार बरं वाटतं. इथे सगळेच काहीतरी मागायला आलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचा मागतोय. मी घरून तयारीनिशी आलो होतो. चार महिने बायको या सदस्यत्वाच्या मागे लागली होती. माहितीपत्रकं वाचत होती, फोन करत होती. पेस्टची नळी कात्रीने कापून आतली पेस्ट काढणारी बाई पंचवीस वर्षांची बांधिलकी करायला निघते, म्हणजे तिला कोणीतरी भुलवलंय, असं माझं निदान होतं. आणि त्या कोणातरीला तिच्यासमोर उघडं पाडायचं या हौसेने मी अर्धा दिवस रजा टाकली होती.

माझे मुद्दे साधे होते. आमचं घर एकाच तऱ्हेने फिरणारं नाही. आईला बाक लागतो. डोंगर असो, बाजार असो, बाक हवा आणि समोरून माणसं जायला हवीत. दोन तास बसेल आणि परत येऊन सगळ्यांच्या नकला करेल. बायकोला पाणी लागतं, समुद्र, तळं, काहीही चालेल, आणि पाण्याजवळ कोणी बोललेलं चालत नाही. मुलगी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. तिला चढायला लागतं आणि वाटेत कुठल्या जनावराची विष्ठा पडलीय ते वाकून बघायला लागतं. अशा तिघींना वर्षातून एक आठवडा एकाच छापाच्या खोल्यांत नेऊन बसवणारं सदस्यत्व काय कामाचं? दुसरं, कागदावर मिळणारा आठवडा आणि खरोखर मिळणारा आठवडा यांतलं अंतर मला कोणी शिकवायला नको. डेपोत कागदावर प्रत्येकाला वर्षाची तीस दिवस रजा आहे. हवी तेव्हा किती जणांना मिळते, ते माझ्या खिडकीसमोर उभं राहून बघा. ज्या जागेसाठी सगळे एकाच वेळी हात पुढे करतात ती जागा कागदावर कितीही सुंदर दिसली तरी ती वाटणाऱ्याची असते, मागणाऱ्याची कधीच नसते. हे वाक्य मी आदल्या दिवशी दाढी करताना जुळवलं होतं. टायवाल्यांना ऐकवलं तर ते खूष झाले. "साहेब, तुम्ही आमच्याकडे का नाही आलात!" म्हणाले. आणि मुद्द्याला बगल देऊन तो तक्ता पुढे सरकवला. "नुसती कल्पना करा. पंचवीस वर्षं. कोण, कधी, किती जण." तक्ता म्हटल्यावर मला दम निघेना. पेन माझं मीच काढलं.

आणि आता तो तक्ता मध्ये पडलेला होता, आणि माझ्या मुद्द्यांपैकी एकही मला आठवेना.

"ठीक आहे," टायवाले म्हणाले, "तीन तर तीन, चार तर चार, ते खोलीच्या वेळी बघू. हंगाम ठरवू." हंगामांचं मला माहीत होतं. शाळांना सुट्ट्या असतात ते आठवडे लाल, सगळ्यांत महाग. बरी हवा असून गर्दी नसते ते पांढरे. ज्यांत कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही ते निळे. पांढऱ्याच्या दीडपट भाव लालचा. "ताईंनी फोनवर लाल सांगितलाय," टायवाले कागद चाळत म्हणाले आणि अचानक थांबले. कलपाच्या मिशीखाली दडलेला सज्जन माणूस डोकं वर काढून बोलून गेला. "पण ताई, मी म्हणतो लाल कशाला? तुमच्याकडे शाळेत जाणारं कोणी नाही. आजी घरीच. मुलीला वाटेल तेव्हा सुट्टी मिळते म्हणालात, तुमचाही कारखाना अडवत नाही. पांढरा घ्या. तीच खोली, तोच समुद्र, गर्दी निम्मी. माझं कमिशन कमी होईल, पण खरं सांगतो."

"लालच हवाय," बायको म्हणाली.

"पण का?"

"बरं पडतं."

मुलीने तिच्या आईकडे पाहिलं. माझी आई बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करायला लागली. खिडकीत बसून मी आयुष्यभर हे 'बरं पडतं' ऐकत आलोय. रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस कारण नीट सांगतो तेव्हा निम्म्या वेळा ते खोटं असतं, पण त्याच्या आत शोधण्यासारखंही काही नसतं. आजी वारली म्हणतो, मी तिचं हे तिसरं मरण म्हणून नोंद घेतो आणि रजा देऊन टाकतो. जो 'बरं पडतं' म्हणतो त्याच्यापाशी मात्र काहीतरी असतं. एक बुटका वाहक होता. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुट्टी मागायचा, बरं पडतं म्हणायचा. मी काही विचारलं नाही. फक्त सहा महिन्यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडून पाहिले, त्याच्या गाड्या, त्याने मागून घेतलेल्या फेऱ्या, आणि मला कळलं की दुसऱ्या गावात त्याचा एक मुलगा आहे, ज्याची घरी कोणाला माहिती नाही. मी कोणाला बोललो नाही. पण त्या दिवशी घरी येऊन जेवताना मी बायकोला म्हणालो होतो, माणसाने तोंड शिवून घेतलं तरी त्याच्या तारखा बोलतात. तिने आमटी वाढता वाढता वर पाहिलं होतं. आता आठवतं, जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

टेबलावर दुसरा एक अर्ज होता, बायकोने आल्याआल्या भरून दिलेला. 'मागील सहलींचा तपशील.' मी तो सहज म्हणून ओढला. तिचं अक्षर बारीक आणि उभं, भिंगाच्या मापांचं अक्षर. गेल्या आठ वर्षांतल्या आठ सहली. जागा, माणसं, तारखा. माणसं प्रत्येक ठिकाणी तीन. त्याचं मला एरवी काहीच वाटलं नसतं, कारण मला कुठे सुट्टी असते? सुट्ट्यांत सगळा गाव फिरायला निघतो तेव्हा डेपोला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या आठवड्यांत कोणालाच रजा नाही, अगदी तक्तेवाल्यालाही नाही. आम्ही त्याला रजाबंदी म्हणतो. दर वर्षी रजाबंदीचे आठवडे जाहीर झाले की त्यांचा कागद मीच घरी आणतो आणि फ्रिजच्या दारावर चिकटवतो, मला गृहीत धरू नका म्हणून. वर्षाला असे नऊ आठवडे. उरलेल्या त्रेचाळीसांत मी रजा टाकली तर साहेब वर मान करून बघतसुद्धा नाहीत. मी पहिली तारीख वाचली. दुसरी वाचली. तिसरीला मला फ्रिजचं दार दिसायला लागलं. आठही सहली रजाबंदीत होत्या. सातवी तर अशा वर्षी होती की रजाबंदी आयत्या वेळी एक आठवडा पुढे ढकलली गेली. मला चांगलं आठवतं, मी संध्याकाळी येऊन कागद बदलला आणि दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आमचीही तिकिटं पुढे ढकलावी लागली, तिथे खोली मिळेना. मी म्हणालो होतो, काय योगायोग आहे बघ.

एखाद्या चालकाच्या अर्जात मी हे पहिल्या झटक्यात पकडलं असतं. तीन तारखांत. माझ्या घरातल्या आठ सहली मी स्वतः स्टँडवर जाऊन हात हलवत पाठवल्या होत्या. ओळखीच्या चालकाला सांगून खिडकीजवळच्या जागा दिल्या होत्या. "तुम्ही जा, मजा करा, मला कुठली आलीय सुट्टी," असं म्हणताना माझा गळा थोडा दाटायचा आणि ते दाटणं मला आवडायचं. मग घरी जाऊन मी मोरीपाशी उभा राहून पाव खायचो, ताट कशाला काढा म्हणून, आणि आपण कुटुंबासाठी किती करतो असं काहीबाही मनात यायचं. त्या सगळ्या पावांची चव आता एकदम तोंडात आली. कोरडी.

टायवाल्यांनी हवेतलं काहीतरी ओळखलं. "मी वरिष्ठांशी बोलून येतो," म्हणाले, "काहीतरी खास मिळवतो तुमच्यासाठी," आणि गालिच्यावरून आवाज न करता गेले. आम्ही चौघं राहिलो. कोपऱ्यात टाळ्या वाजल्या. टाळ्या संपेपर्यंत मी थांबलो.

"लालच का?" मी विचारलं.

"मघाशी सांगितलं ना," बायको म्हणाली.

"बरं पडतं म्हणजे काय? दीडपट भाव देऊन काय बरं पडतं?"

"आई, सांगून टाक ना आता," मुलगी म्हणाली. "बाबाने तारखा बघितल्यात. त्याचा चेहरा बघ."

"तू गप गं," बायको म्हणाली.

"का गप? चोरी केलीय का आपण?"

"अगं पण ही काय जागा आहे? लोक आहेत."

"लोकांना काय, ते सह्या करतायत," आई म्हणाली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, आणि लांबच्या कोणा नातेवाइकाची गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाली, "तुला तळ्याची सहल आठवते?"

आठवते! नऊ वर्षं झाली. आमची चौघांची एकत्र अशी ती एकच सहल, आणि मी डेपोत अजून तिचं उदाहरण देतो. चार दिवस, पाच ठिकाणं, एकही गाडी चुकली नाही. मी तक्ता केला होता, प्रत्येकाला एक प्रत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. किती वाजता कुठे, थांबा किती मिनिटांचा, पाणी पिणे, पाय मोकळे करणे, स्वच्छतागृह, सगळं धरून. दुसऱ्या दिवशी दुपारी तर कमाल झाली. पलीकडच्या काठाला जाणारी दिवसातली शेवटची लाँच आम्ही चार मिनिटं राखून पकडली. त्या लाँचवर मी काढलेला फोटो घरी कपाटावर चौकटीत आहे. तिघी एका शालीत गुरफटून बसल्यात, वारा सुटलाय, आई मधोमध. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवतो. म्हणतो, बघा, कशा चिमण्यांसारख्या बसल्यात.

"त्या लाँचच्या आधी आपण बसमध्ये होतो," आई म्हणाली. "मी तुला म्हटलं, अरे, जरा थांबवतोस का गाडी."

हे मला आठवेना. मग आठवलं. चालक ओळखीचा होता, मी नुसती हाक मारली असती तर त्याने गाडी बाजूला घेतली असती. मी हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणालो होतो, "चाळीस मिनिटांत पोचतोच आहोत, आई. इथे थांबलो तर लाँच जाते."

"मग?" मी म्हणालो.

"मग काही नाही. चाळीस मिनिटं काढता आली नाहीत मला."

मला समजलं नाही. खरंच नाही समजलं. मुलगी टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हणाली, "बाबा, बाटली सांडली नव्हती."

बाटली. बस थांबली तेव्हा सीट ओली होती, आईचे कपडे ओले होते, आणि मुलगी म्हणाली होती, माझ्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं. पंधरा वर्षांची होती. स्टँडपासून धक्क्यापर्यंत मी तिला झाकणावरून बोलत गेलो. एक झाकण नीट लावता येत नाही, आजीला ओलं केलंस, पुढे तुझं कसं व्हायचं. भराभर चालता चालता, घड्याळ बघत बघत. ती एरवी एकाला चार उत्तरं देणारी. त्या दिवशी तिने मान खाली घातली ती वर केली नाही. मी मनाशी म्हणालो होतो, पोरगी समंजस होत चाललीय. लाँचवर चढल्याचढल्या बायको आईला घेऊन तिथल्या कोंदट मोरीत गेली ती किती वेळ आली नाही, आणि मी बाहेरून दार वाजवलं होतं. उन्हं छान आहेत, फोटो काढू या, म्हणून. बाहेर आल्या तेव्हा आईच्या कमरेभोवती बायकोची शाल होती. मग तिघी त्याच शालीत अगदी जवळ जवळ बसल्या. आईच्या दोन्ही बाजूंनी, भिंतीसारख्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, हसा.

नऊ वर्षं मी तो फोटो पुसतोय. रविवारी, ओल्या फडक्याने, काच कोपऱ्यांपर्यंत.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला? अरे, तू सांगितलेलं ऐकतोस," आई म्हणाली, "पण मग त्याचा तक्ता करतोस. पुढच्या वेळी दर वीस मिनिटांनी म्हातारीला विचारत बसला असतास, आई, जायचंय का, आई, जायचंय का. सगळ्या गाडीसमोर." तिने त्याची नक्कल केली. म्हणजे माझी. हुबेहूब होती. मुलीला हसू आलं आणि डोळेही भरले. "मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, चूक माझीपण आहे. पण तुझ्या हातात तो कागद होता ना."

"आम्ही काही ठरवून नाही केलं," बायको म्हणाली. ती अजून समुद्राच्या चित्राकडेच बघत होती. "पुढच्या वर्षी निघायचं म्हटलं तेव्हा नेमकी तुमची रजाबंदी होती. आम्ही तिघीच गेलो. आई वाटेत नऊ वेळा उतरल्या. एका ठिकाणी गाडी सुटली आमची. मग तिथेच राहिलो, रस्त्याकडेच्या एका खोलीत. छान झालं. फार छान झालं. मग पुढच्या वर्षी मी आधी फ्रिजवरचा कागद बघितला."

'मग मी आधी कागद बघितला.' बावीस वर्षांत माझ्या खिडकीसमोर कोणी इतकं स्वच्छ कारण सांगितलेलं नाही. रडणं नाही, आजी वारणं नाही. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि बहुधा इतकं नीट जमलं नसतं. सातव्या वर्षी कुठेतरी पकडला गेलो असतो. या विचाराने मला जरा कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी मी टेबलाची कड घट्ट धरली. मी तक्त्यातून स्वतःला काढलं ते सवयीने. यांनी मला काढलं ते पाहून, समजून, वर्षातले नऊ आठवडे निवडून. आणि पुढची पंचवीस वर्षं तसंच चालावं म्हणून ही बाई, कात्रीने पेस्टची नळी कापणारी, दीडपट द्यायला निघाली होती. आमच्या घराला हे सदस्यत्व सोयीचं पडेल का, याचा मी चार महिने विचार करत होतो. ते इतकं अचूक सोयीचं होतं की अंगावर माप घेऊन शिवल्यासारखं.

टायवाले परत आले ते जवळजवळ धावत. हसू मिशीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचलं होतं. "झालं काम!" ते म्हणाले. "मी वरिष्ठांना म्हटलं, असं कुटुंब पुन्हा येणार नाही. लाल हंगाम, आणि चौथ्या माणसाचे काही पडणार नाहीत. एक पैसाही नाही. चौथा माणूस फुकट!"

टायवाल्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच पेन पुढे सरकवलं.

बायकोने ते उचललं. टोपण काढलं. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. भिंगं घासून घासून त्यांची टोकं गुळगुळीत झालीत, तिच्या अंगठ्याचा ठसा कुठल्याच यंत्रावर उठत नाही. तिने टोपण पुन्हा लावलं.

"नको," ती म्हणाली.

"ताई! चौथा माणूस..."

"त्याचं नाही. आता गरजच राहिली नाही." ती माझ्याकडे वळली. सबंध दुपारभरात पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता, असता तर मला कुठेतरी धरायला मिळालं असतं. भाजीचा हिशेब लागावा तशी ती म्हणाली, "इतके पैसे घालणार होतो ते तुम्हाला सांगावं लागू नये म्हणून. आता तुम्हाला कळलं. आता आम्ही कधीही जाऊ शकतो. पांढऱ्यात जाऊ, स्वस्तात."

"बरोबर आहे," आई म्हणाली आणि पिशवी शोधायला लागली.

टायवाल्यांना बिचाऱ्यांना काहीच उमगलं नाही. ते दारापर्यंत आमच्याबरोबर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगून बघा ना. तुमचं ऐकतील." मी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, शेवटी त्यांनीच तो सोडवून घेतला.

बाहेरच्या बोळात गालिचा नव्हता. पावलांचे आवाज एकदम मोठे झाले. तिघी पुढे चालल्या होत्या, आई मधे, तिच्या चालीने, आणि कुणालाच घाई नव्हती. मुलगी काहीतरी सांगत होती, एका डोंगरावर म्हणे वर जायला गाडी आहे आणि वर बाकही आहेत, आणि पलीकडे खाली पाणी दिसतं. बायकोने विचारलं, किती लांब? आई म्हणाली, थांबत थांबत जाऊ. मी दोन पावलं मागे होतो. मला जाणवलं की मी त्यांच्या चालीला आपली चाल जुळवायचा प्रयत्न करतोय आणि ते मला येत नाहीये. मी सारखा पुढे जातोय आणि सारखा थांबतोय. लिफ्टपाशी त्या उभ्या राहिल्या. दिवसाकाठी पन्नास माणसं डेपोत माझ्यासमोर उभी राहून असं काहीतरी मागतात, काचेतल्या भोकाला तोंड लावून, मागे रांग असताना, आणि त्यांना ते किती जड जात असेल याची मला कल्पनाच नव्हती.

"मलाही यायचंय," मी म्हणालो.

तिघींनी मागे वळून पाहिलं. मग एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं फार लांबलं नाही, पण त्यात बरंच काही बोलून झालं, आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

"बघू," असं त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं. कोण, ते मला सांगता येणार नाही. तिघींचे आवाज इतके सारखे झालेत हे मला तोवर माहीतच नव्हतं.